ताईचा अबोला

ताईला परत न्यायला म्हणून मी तिकडे गेले, हे मी कुणापासून लपवलं नव्हतं. अर्जात मात्र 'सेवेची ओढ' असं लिहावं लागलं. ताई परदेशातल्या ज्या योगकेंद्रात सेवा करायची, तिथे नुसत्या बहिणीला राहू देत नाहीत. एक तर पैसे भरून पाहुणे म्हणून या, नाहीतर सेवक म्हणून राबा. मी राबायचं ठरवलं. पस्तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून लोकांची किरकिर ऐकलेली बाई मी. माझ्यातली सेवेची ओढ शोधायची तर दुर्बीण लागेल.

घरी आई अंथरुणाला खिळली होती. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं आणि तिथून ती उठलीच नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता वर्ष, फार तर दीड. आईचं दिवसभर एकच पालुपद, "मोठी कधी येते गं?" मोठीला तिकडे जाऊन अकरा वर्षं झाली होती. फोनवर ती "येते, येते" म्हणायची आणि मग कुणीतरी आजारी पडायचं, कुठलं तरी शिबिर निघायचं आणि येणं राहून जायचं. शेवटी आईला माझ्या नवऱ्याच्या आणि सांभाळणाऱ्या मावशींच्या हवाली करून मी दोन महिन्यांसाठी विमानात बसले. निघताना आईचा हात हातात घेऊन म्हटलं, "हाताला धरून आणते तिला. रागावू नकोस." आई म्हणाली, "भांडू नकोस म्हणजे झालं."

केंद्राची इमारत म्हणजे पूर्वीची शाळा. मुलं कमी झाली म्हणून शाळा बंद पडली आणि यांनी ती घेतली. लांबलचक मार्गिकेत भिंतीला मुलांचे डबे-दप्तरं अडकवायचे हुक अजून तसेच, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. बेसिनंही तेवढीच खाली. साठ मोठी माणसं रोज सकाळी त्या बुटक्या बेसिनांवर कमरेत वाकून दात घासायची आणि मग कंबर दुखते म्हणून आसनं करायला जायची. मी हे पहिल्याच दिवशी ताईला बोलून दाखवलं. ती हसली नाही. पूर्वीची ताई हसली असती.

तिचा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. पाचला ती स्वयंपाकघरात, साठ माणसांची डाळ, भात, दोन भाज्या, सूप. गाजराचे तुकडे एकसारखे झालेच पाहिजेत. माझे वेडेवाकडे व्हायचे, ती काही न बोलता ते वेगळे काढून सुपाच्या पातेल्यात टाकायची. स्वयंपाक झाला की धुणं, धुणं झालं की कुणाच्या तापाला कपाळावर थंड पाण्याच्या घड्या. सेवेचा तिथला नियम असा की कुणी कुणाचे आभार मानायचे नाहीत. उजवा हात छातीवर ठेवायचा, नजर खाली करायची आणि पुढे जायचं. ताई मार्गिकेतून निघाली की माणसं पटापट हात छातीवर न्यायची. तिचं खरंच सगळ्यांवर प्रेम होतं आणि सगळ्यांचं तिच्यावर. हे बघताना माझ्या डोक्यात तिडीक जायची. परक्यांच्या कपाळावर घड्या ठेवणारी ही, आणि अकरा वर्षं आईचं सगळं मी करतेय, आता अंगाखालची चादरसुद्धा मीच बदलतेय. मला बघून कुणी छातीवर हात ठेवला नव्हता.

पाच आठवडे मी रोज विचारलं. "बघू", "विचार करते", "हे शिबिर होऊ दे". एका सकाळी बटाटे सोलताना माझा तोल गेला.

"आई गेल्यावर येशील का? म्हणजे तसं सांग. मी उगाच इथे बटाटे सोलत बसत नाही."

स्वयंपाकघरात आणखी दोन सेवक होते. त्यांना आमची भाषा कळत नव्हती, पण आवाज कळला. ताईनं सोलाणं खाली ठेवलं.

"ओरडू नकोस."

"ओरडणार. तुला माणूस ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही."

"मला सात दिवस दे," ती म्हणाली. "मौनात बसते. आठव्या दिवशी काय ते सांगते. हो तर हो, नाही तर नाही."

"सात दिवस कशाला? सात मिनिटांत सांग."

तिनं हात पुसले, दाराजवळच्या खुंटीवरची लाकडी चकती काढली आणि गळ्यात घातली. आमचं बोलणं तिथे संपलं. रात्री फोनवर आईला सांगितलं, मोठी सात दिवस मौनात आहे, आठव्या दिवशी काय ते सांगेल.

ही चकती म्हणजे तिथली मोठी गोष्ट. बशीएवढी, सुतारानं घासून गुळगुळीत केलेली, दोरीत ओवलेली. ती ज्याच्या गळ्यात, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला हाक मारायची नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. काम असेल तर चिठ्ठी. चकती काढायची ती ज्याची त्यानं, दुसऱ्यानं हातसुद्धा लावायचा नाही. पाहुण्यांना हे पहिल्याच संध्याकाळी समजावून सांगायचे, आणि लोक माना डोलवायचे.

सगळ्यांना ते मौन वाटलं. मला विचाराल तर तो अबोला होता. लहानपणापासून ताईचं हे एकच हत्यार. मी आदळआपट करायची, बाबा मला 'तोफ' म्हणायचे. ताई आवाज चढवायचीच नाही, बोलणं बंद करायची. दोन दिवस, चार दिवस, एकदा तर परीक्षेच्या आधी पूर्ण पंधरवडा. एकाच खोलीत, एकाच पांघरुणात, आणि तोंडातून शब्द नाही. पहिली बोलेल ती हरली. दर वेळी मीच बोलायची, कारण आई माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणायची, "धाकटी आहेस ना, तूच बोल आधी." मी रडवेली होऊन "ताई" म्हटलं, की तिच्या तोंडाची एक बाजू हळूच वर जायची. अर्धंच हसू. ते बघितलं की तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या.

या वेळी मी मनाशी पक्कं केलं, मी साठीला आलेय, आता हरायचं नाही.

पहिले काही दिवस चिठ्ठ्यांवर गेले. ओट्यावर दोरीनं बांधलेलं एक वहीचं पॅड आणि पेन्सिल असायची. "मीठ." "पाणी कमी." "तांदूळ दोनदा धू." पस्तीस वर्षं मी लोकांची पत्रं हाताळली आणि सख्ख्या बहिणीकडून मला पत्र आलं ते 'तांदूळ दोनदा धू'. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, "ठरलं का?" तिनं खाली लिहिलं, "आठव्या दिवशी." अक्षर पूर्वीसारखंच, मोत्याचे दाणे. मी कागद चुरगाळून सालांच्या बादलीत टाकला.

सहाव्या दिवशी सकाळी साडेसहाला तिची चिठ्ठी आली, "डाळ मी बघते. तू दुधी चीर." स्वच्छ अक्षर, शेवटी पूर्णविराम. हे मी इतकं नीट का सांगतेय ते पुढे कळेल.

सात चाळीसला तिच्या हातातला डाव पडला. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण पावणेआठला नाश्त्याची घंटा असते आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. डाव फरशीवर आपटला, डाळ माझ्या पायावर उडाली. मी चमकून वर बघितलं. ताई माझ्याकडे बघत होती, थेट डोळ्यांत, नियम मोडून. आणि तिच्या तोंडाची एक बाजू वर होती.

तेच हसू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हिनं ठरवलंय, मी मनात म्हटलं. येणार नाही, आणि मला खिजवतेय. मी मान फिरवली आणि दुधी चिरत राहिले.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग तिनं पॅड ओढलं. पेन्सिल डाव्या हातात घेतलेली मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली. हे मी पाहिलं होतं, हे नंतर मी स्वतःपाशी कितीही नाकारलं तरी खरं आहे. तिनं काहीतरी लिहिलं, कागद फाडला, माझ्याकडे सरकवला. मी तो न वाचता एप्रनच्या खिशात घातला. आणखी एक 'मीठ' असेल. मला काय तिची नोकर समजली काय ही? डाव उचलून मी दुसऱ्या सेवकाच्या हातात दिला आणि खुणेनं म्हटलं, डाळीकडे बघ.

ताई भिंतीला धरून बाहेर गेली. मार्गिकेतल्या बाकावर, त्या बुटक्या हुकांखाली बसली. तिथेच बसून राहिली.

पुढचे साडेचार तास ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिथे होती. नाश्त्याला जाणारी माणसं तिच्यासमोर हात छातीवर ठेवून, नजर खाली करून गेली. नाश्त्याहून परतली, तीही तशीच. म्हातारा सुतार, ज्यानं ती चकती केली होती, त्यानं तिच्या गुडघ्यांवर शाल पांघरली आणि पाय न वाजवता गेला. नियम न मोडता जेवढी माया करता येते तेवढी सगळ्यांनी केली. दहाच्या सुमाराला आसनं शिकवणारी बाई पाहुण्यांच्या तुकडीला घेऊन तिथून चालली होती. ताईच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, हनुवटीवर लाळ होती. बाई थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मौन फार खोल गेलं की शरीर असं सैल पडतं. अश्रूंना अडवायचं नसतं." तुकडीतल्या एकीनं डोळे पुसले.

मी तिच्यासमोरून दोनदा गेले. एकदा कोबीची पेटी घेऊन, एकदा रिकामी पेटी घेऊन. दुसऱ्या वेळी तिनं घशातून एक आवाज काढला. मी थांबले नाही. मला वाटलं, ही आता मला बोलायला लावतेय.

सव्वाबाराला एक नवा पाहुणा आला. बसचालक होता, मानेच्या दुखण्यासाठी कुणीतरी पाठवलेला. बॅग हातात, बूट पायात, त्याला अजून कुणी नियम सांगितले नव्हते. बाकाजवळ तो थांबला.

"बाई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

कचेरीतून व्यवस्थापक बाई लगबगीनं आल्या, ओठांवर बोट. "त्या मौनात आहेत."

"कशात?"

"मौनात. आज सहावा दिवस. कृपा करून..."

त्यानं ऐकलंच नाही. तो गुडघ्यांवर बसला, ताईचा उजवा हात उचलला आणि सोडला. हात धप्पकन मांडीवर पडला. त्यानं तिच्या गळ्यातली चकती ओढून काढली आणि बाजूला फेकली. ती फरशीवर गडगडत गेली. "माझ्या बापाचं हेच झालं होतं," तो ओरडला, "गाडी बोलवा! माणसं आहात का कोण आहात?"

आधीचं बोलणं मला नंतर कळलं, हा ओरडा मात्र स्वयंपाकघरात ऐकू आला. धावत बाहेर आले तेव्हा ताई त्याच्या खांद्यावर कलंडलेली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. तेच अर्धं हसू. आता मला दिसलं की ती एक बाजू वर गेलेलीच नव्हती. दुसरी खाली पडली होती.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. डॉक्टर तरुण बाई होती, भराभर बोलणारी.

"यांना शेवटचं नीट बोलताना कुणी ऐकलं? किती वाजता?"

व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "सहा दिवसांपूर्वी."

डॉक्टरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं. बाईंनी मौनाबद्दल, चकतीबद्दल सांगितलं. डॉक्टरच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती फक्त एक क्षण लिहायची थांबली.

"मग कधी झालं हे कुणालाच माहीत नाही?"

"झोपेतच झालं असेल," व्यवस्थापक बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. ती बाई वाईट नव्हती. तिनं मला वाट करून दिली होती, आणि मी त्या वाटेनं गेले असते तर जन्मभर कुणी मला विचारलं नसतं.

"सात चाळीसला," मी म्हटलं. "माझ्यासमोर झालं. मी बघितलं."

"सकाळी सात चाळीसला?"

"हो. हातातून डाव पडला. तोंड वाकडं झालं. साडेसहाला तिनं नीट लिहिलं होतं, मी वाचलं होतं."

डॉक्टरनं घड्याळाकडे बघितलं. तिचे ओठ हलले, आकडे मोजत होती. "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं," ती म्हणाली. "साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आता दिलं तर रक्तस्राव होऊ शकतो. तरी बाकीच्या तपासण्या करून काय करता येतं ते बघू." मग म्हणाली, "तुम्ही लगेच का नाही कुणाला सांगितलंत?"

मी काय सांगणार होते? की आम्हां बहिणींत पहिली बोलेल ती हरते? त्या परक्या डॉक्टरला कुठल्या तोंडानं सांगायचं की साठीची बाई बहिणीशी कट्टी करून बसली होती? बसचालक मागे उभा होता. मानेचं दुखणं विसरून तो आमच्याबरोबर गाडीत बसून आला होता. त्यानं माझ्यासाठी पाण्याचा पेला आणला आणि मी पहिल्यांदा, केंद्राचा नियम मोडून, त्याचे तोंडानं आभार मानले.

बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा लक्षात आलं, एप्रन अजून अंगावर होता. खिशात चिठ्ठी होती. उघडली. एकही अक्षर नव्हतं. तीन-चार रेघा, एक कागद फाडून गेलेली. ताईचं अक्षर शाळेत फळ्यावर नमुना म्हणून लावायचे.

तपासण्या झाल्या. जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचा येईल का, कधी येईल, कितपत येईल, याला डॉक्टरकडे उत्तर नव्हतं. विमानाचा प्रवास आता काही महिने तरी नाही, एवढं मात्र तिनं ठामपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यवस्थापक बाई ताईचे कपडे घेऊन आल्या. कपड्यांवर एक कागद ठेवला होता. "मौनातल्या माणसाची चिठ्ठी आम्ही दुसऱ्या कुणाला दाखवत नाही," त्या म्हणाल्या. "पण ही तुमच्याकडे असावी." कागद इंग्रजीत होता, पण अक्षर ताईचंच, मोत्यासारखं. तारीख मौनाच्या दुसऱ्या दिवसाची. "आठव्या दिवसापासून स्वयंपाकघर दुसऱ्या कुणाकडे द्यावं. मी बहिणीबरोबर घरी जाते आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. मौन पूर्ण झाल्यावर मीच सांगेन."

मौनाच्या दुसऱ्याच दिवशी तिचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी मी "ठरलं का" विचारलं, तेव्हाही ते ठरलेलं होतं. एकदा शब्द दिला की सात दिवस म्हणजे सात दिवस, एक तास कमी नाही. मला राग आला. हो, तेव्हाही आला. मेले, सांगून टाकलं असतंस तर काय झालं असतं? मग त्या रागाला जायला जागा उरली नाही, तो परत माझ्याकडेच आला आणि मी बाईंच्या समोर हमसून हमसून रडले. त्यांनी हात छातीवर ठेवला. मग तो तिथून काढला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

हॉस्पिटलमधल्या तिसऱ्या दिवशी घरून फोन आला. नवऱ्याला मी सगळं कळवलं होतं आणि आईला काही सांगू नका म्हणून बजावलंही होतं. पण तिनं हट्ट धरला होता, फोन लावून द्या. मी ताईच्या खाटेशी बसले होते. आईचा आवाज बारीक झाला होता.

"आठ दिवस झाले ना गं? मोठीला दे फोन."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "ती मौनात आहे, आई."

"अजून?"

"हो. वाढवलंय तिनं."

आईच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. ताईनं आईचा आवाज ओळखला असावा. तिचा डावा हात चादरीवर काहीतरी शोधत होता.

"मौनबिन काही नाही," आई म्हणाली. "भांडलात ना तुम्ही? मी सांगितलं होतं भांडू नकोस म्हणून. अबोला धरलाय तिनं. मला माहीत नाही का माझी पोर?" मग पूर्वीच्या धपाट्यासारखा, होता नव्हता तेवढा जोर आणून म्हणाली, "धाकटी आहेस ना तू? तूच बोल आधी."

"बोलते, आई."

"आत्ता बोल. माझ्यासमोर."

मी फोन चादरीवर ठेवला, आईला ऐकू येईल असा. ताईचा डावा हात हातात घेतला. "ताई," मी म्हटलं. "बोल ना गं. मी हरले."

ताईनं माझ्याकडे बघितलं. तोंडाची एक बाजू हळूहळू वर गेली. या वेळी ती खरंच वर गेली, मी नीट बघत होते.

"बोलली का?" आईनं फोनमधून विचारलं.

"हसली," मी म्हटलं.

"मग झालं. आता बोलेल," आई म्हणाली, आणि ती बोलायची वाट बघत फोन धरून बसली.